जिन्यात टांगलेले दोन माइक

प्रश्न एका वडिलांचा आहे आणि थोडक्यात असा आहे. मुलगा सतरा वर्षांचा, दोन वर्षं ड्रम्स शिकतोय, डबल पेडलवर, म्हणजे दोन्ही पायांनी, इतक्या वेगानं वाजवतो की खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. वडिलांनी त्याला हौसेनं लेड झेपेलिन ऐकवलं, कारण हॉस्टेलच्या दिवसांत या ब्रिटिश रॉक बँडचा ड्रमर जॉन बॉनम हा त्यांचा देव. चिरंजीव दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "बाबा, हे तर मी पहिल्या वर्षी वाजवायचो." वडिलांना उत्तर सुचेना. म्हणून मला विचारतायत: बॉनम खरंच एवढा मोठा होता, की आम्ही आमच्या तरुणपणालाच ओवाळतोय? आणि दारूपायी बत्तिसाव्या वर्षी गेलेल्या माणसानं मागे ठेवलं तरी काय?

चिरंजीव बरोबर बोलले, हे आधी कबूल करून टाकतो. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या झेपेलिनच्या गाण्याचा ठेका पहिल्या वर्षाचा विद्यार्थी वाजवू शकतो. हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, सरळ चालू, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअर, म्हणजे समोरचा कडक आवाजाचा ड्रम, मधल्या जागांत किक, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम. बोटं अडकावीत असं त्यात काही नाही. मी तीसेक वर्षं ड्रम्स वाजवतोय, त्यातली काही मुंबईच्या स्टुडिओंत गेली, आता पुण्यात शिकवतो. हा ठेका मी दर बॅचला देतो आणि तो सगळ्यांना येतो. एक मिनिटभर. दुसऱ्या मिनिटाला लय पुढे सरकायला लागते. तिसऱ्या मिनिटाला हात शिवशिवतात, एखादा फिल, म्हणजे भरावाचा तुकडा, मध्येच घुसतो. चौथ्या मिनिटाला पोरगं माझ्याकडे बघतं, "सर, बास का?" गाणं सात मिनिटांचं आहे.

माझं पहिलं वाद्य तबला. आमच्या गुरुजींनी द्रुत तीनतालावर मला कधी शाबासकी दिल्याचं आठवत नाही. विलंबित एकताल धरून बसवायचे. दोन मात्रांच्या मध्ये एवढी मोकळी जागा, की वाटावं चहा पिऊन यावं. ती जागा भरायची नाही आणि सांडूही द्यायची नाही. गाणारा आलाप घेत कुठंही हिंडून येवो, परतल्यावर त्याला सम जिथल्या तिथं सापडली पाहिजे. कॉलेजात असताना मित्राच्या टेपवर, तिसऱ्या-चौथ्यांदा कॉपी केलेल्या कॅसेटवर बॉनम पहिल्यांदा ऐकला. खरखरीतून तो ठेका आला आणि मनात आलं, अरे, हा तर विलंबित धरून बसलाय.

म्हणून त्याला ओढून आपल्या घराण्यात आणायचं नाही. तो १९४८ साली इंग्लंडमधल्या रेडिच गावात जन्मला. वडिलांचा बांधकामाचा व्यवसाय, त्यांच्या हाताखाली सुतारकाम शिकला. ड्रम्सची रीतसर शिकवणी कधी झाली नाही. जीन क्रुपा आणि बडी रिच यांचं जॅझ, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांचं सोल आणि फंक, हे ऐकून हात बसवला. रॉकवाल्यांमध्ये तो वेगळा वाटतो तो या ऐकण्यामुळे. त्याची किक आणि त्याचा स्नेअर एकमेकांशी बोलतात, पाऊल नुसतं मात्रा मोजत बसत नाही.

आणि त्याचा स्नेअर, निदान माझ्या कानाला, मेट्रोनोमच्या केसभर मागून येतो. त्याला उशीर म्हणता येणार नाही. झोपाळा टोकाला गेला की परतायच्या आधी जरासा थबकतो ना, तसं ते थबकणं. त्यात सगळा जीव आहे. वर्गात मी याचा एक प्रयोग करतो. विद्यार्थ्याचा चांगला वाजलेला तुकडा रेकॉर्ड करतो आणि संगणकावर त्याचा प्रत्येक ठोका ओढून अचूक रेषेवर बसवतो. आजकाल हे दोन क्लिकचं काम आहे, आणि बाजारात येणाऱ्या बऱ्याच गाण्यांत ते झालेलंच असतं. मग दोन्ही तुकडे पाठोपाठ ऐकवतो. दुसरा तुकडा चुकीचा कुठंच नसतो, पण पाय हलत नाही. पोरांना पहिल्यांदा हे पटत नाही. दुसऱ्यांदा ऐकवावं लागतं.

आता ‘लेव्ही’च्या आवाजाकडे येतो. ड्रमवाले आणि रेकॉर्डिंगवाले एकत्र आले की तासाभरात विषय तिथं जातोच.

हेडली ग्रेंज ही इंग्लंडच्या हॅम्पशरमधली तीन मजली वास्तू. १७९५ साली गरिबांना कामाला जुंपून पोसायचं घर म्हणून बांधलेली. १९७०-७१ च्या हिवाळ्यात बँड तिथं मुक्कामाला गेला आणि रोलिंग स्टोन्सची फिरती स्टुडिओ-गाडी बाहेर उभी राहिली. ड्रम्स मांडले खालच्या हॉलमध्ये, जिथून उंच जिना वर जातो. रेकॉर्डिंग इंजिनिअर अँडी जॉन्स, वय जेमतेम वीस. ड्रमजवळ माइकांची गर्दी करायच्या ऐवजी त्यानं वरच्या कठड्यावरून बायर कंपनीचे एम १६० जातीचे दोन रिबन माइक खाली जिन्यात सोडले. तो आवाज कॉम्प्रेसरमधून आणि बिनसन इकोरेक नावाच्या इटालियन प्रतिध्वनी-यंत्रातून काढला. झालं एवढंच.

कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो. ठोका पडला की तो दाबून धरतो, ठोका ओसरला की हात सैल सोडतो, आणि तेवढ्यात त्या हॉलचा घुमारा फुगून वर येतो. म्हणून तो ड्रम श्वास घेतल्यासारखा वाटतो. अंतराचा हिशेबही सोपा आहे. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. माइक सात मीटर वर असेल, तर ठोका त्याच्यापर्यंत वीस मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि येताना भिंतींवर आपटून चार नातेवाईक बरोबर घेऊन येतो. चिरंजीवांच्या कानाशी हेडफोनमध्ये जो आजचा ड्रम वाजतो, त्यात माइक कातड्यापासून चार बोटांवर असतो. दोन्हींत पैशाचा फरक नाही. एकात ड्रम ऐकू येतो, दुसऱ्यात ड्रम आणि घर.

हे सगळं कळल्यावर माणूस काय करेल? मी केलं. अंधेरीच्या ज्या इमारतीत आमचा स्टुडिओ होता तिथल्या जिन्यात, रात्री अकरानंतर, वॉचमनच्या हातात वडापावाची पुडी ठेवून, ड्रम्स तळमजल्यावर आणि दोन माइक दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून टांगून. टेपवर आली ती आधी लिफ्टची मोटर, मग कुणाच्या तरी घरातला मिक्सर, आणि मग माझा ड्रम, म्हणजे पिंपावर पोतं आपटावं तसा धप्प आवाज. दोन रात्री घालवल्या. तिसऱ्या दिवशी एक वयस्कर वादक स्टुडिओत आले, ते ऐकून म्हणाले, "किकमध्ये काय कोंबलंयस?" मी गोधडी कोंबली होती. स्टुडिओत सगळेच कोंबायचे. ड्रम घुमू नये म्हणून आम्ही चिकटपट्ट्या लावायचो, उशा ठेवायचो, आणि मग तोच घुमणारा आवाज जिन्याकडे मागत होतो.

बॉनमची किक २६ इंची. बहुतेकांची २२ असते. त्यात तो काही कोंबत नसे, दोन्ही कातडी लावलेली, बऱ्यापैकी ताणलेली. लोकांना वाटतं तो जीव खाऊन बडवायचा. जोर होताच, पण त्या आवाजातला मोठा वाटा ट्यूनिंगचा आहे. तबल्याला हे सांगावं लागत नाही. शाई-चाट नीट बसली नसेल आणि सूर लागला नसेल तर कितीही थाप मारा, आवाज लाकडाचाच येणार. ड्रम सुरात लावायचा असतो हे मात्र दहातल्या आठ शिकाऊंना मीच पहिल्यांदा सांगतो. मला स्वतःला ते ऐकायला दहा वर्षं लागली, तेव्हा पोरांवर रागवत नाही.

‘लेव्ही’ या गाण्यातली एक मेख अशी: तुम्ही ऐकता त्या लयीत ते वाजवलेलंच नाही. जास्त वेगानं वाजवून नंतर टेप मंद केली आहे. म्हणून ती लय चिखलातून पाय उपसल्यासारखी जड लागते आणि किक एवढी खोल जाते. पोरांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे उजळतात. "म्हणजे लबाडीच की सर!" असेलही. पण टेप मंद केली की ठोक्यांबरोबर मधल्या जागाही ताणल्या जातात. तुमची एखादी किक जराशी पुढे-मागे पडली असेल, तर वेगात ती खपून जाते. मंद केल्यावर लग्नाच्या अल्बममधल्या मिटलेल्या डोळ्यासारखी उघडी पडते. आपलं कुठलंही रेकॉर्डिंग दहा टक्के मंद करून ऐका, मग बोलू. मी केलं होतं. दोन दिवस स्टिकला हात लावला नाही.

अँडीचा थोरला भाऊ ग्लिन जॉन्स. त्यानं बँडचा पहिला अल्बम १९६८ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत रेकॉर्ड केला. ड्रमसाठी तीन-चार माइकांची त्याची मांडणी आज जगभर त्याच्या नावानं ओळखली जाते. एक माइक ड्रम्सच्या वर, दुसरा फ्लोअर टॉम या जमिनीवर उभ्या ड्रमच्या बाजूला, आणि दोन्ही स्नेअरच्या मध्यापासून अगदी सारख्या अंतरावर. अंतर सारखं नसेल तर एकाच ठोक्याच्या दोन प्रती मागे-पुढे पोचतात, एकमेकींना खातात आणि स्नेअर पत्र्यासारखा लागतो. यासाठी महागडं काही लागत नाही. माझ्या खिशात कायम सुतळी असते. एक टोक स्नेअरच्या मध्यावर शिष्याच्या अंगठ्याखाली, दुसरं माइकच्या तोंडाशी, मग ताणून तशीच दुसऱ्या माइककडे. स्वस्तातले दोन माइक आणि ही सुतळी यांवर घरच्या खोलीत जो आवाज मिळतो तो ऐकून पालक माझ्याकडे संशयानं बघतात, की मग त्या आठ माइकांच्या संचाची यादी दुकानदारानं कशाला दिली होती.

त्या पहिल्या अल्बमचं पहिलंच गाणं, ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’, हे चिरंजीवांना जरूर द्या. त्यात किकवर तीन-तीनच्या बोलांतले दोन-दोन ठोके इतके झटपट पडतात की ऐकणाऱ्याला दोन पेडल वाटावीत. पेडल एकच आहे. ज्यांचं डबल पेडल घरात मिरवतंय त्यांना आठवडाभर डावा पाय बांधून हे वाजवायला सांगा. यात बदला घ्यायचा हेतू नाही. खरं तर थोडासा आहे.

त्याच पेडलचा एक किस्सा मला फार प्रिय आहे. १९७० च्या तिसऱ्या अल्बममध्ये ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’ हे संथ ब्लूज आहे. चांगले हेडफोन लावून, गाणं हळू असतं तिथं कान द्या. किकच्या प्रत्येक ठोक्याआधी चूं-चूं ऐकू येतं. लडविग कंपनीचं स्पीड किंग पेडल, तेल न दिलेलं. आज कुठल्याही स्टुडिओत ते साफ करून टाकतील. तिथं राहिलं, कारण त्या टेकमध्ये बाकी सगळं उतरलं होतं. मी विद्यार्थ्यांना ते चूं-चूं मुद्दाम ऐकवतो, कारण त्यातून पाय दिसतो. ठोका पडण्याआधी पाय किती आधी निघतो, कधी थांबतो, कधी टेकतो, हे तेवढ्यावरून वाचता येतं. कुठल्याही पुस्तकात इतका स्पष्ट पाय सापडणार नाही.

‘कश्मीर’बद्दल सगळेच बोलतात, तर मी एकच गोष्ट सांगतो. १९७५ च्या ‘फिजिकल ग्राफिटी’ अल्बममधलं हे गाणं. नाव काश्मीरचं असलं तरी गायक रॉबर्ट प्लांटला शब्द सुचले ते मोरोक्कोच्या वाळवंटातून गाडीनं जाताना. जिमी पेजच्या गिटारचा तुकडा तीन-तीनच्या घासांत चालतो आणि बॉनम शांतपणे चार-चारचा ठेका धरून बसतो. दोघं एकमेकांना सोडून निघाल्यासारखे वाटतात आणि बारा मात्रांनी समेवर भेटतात. आपल्याकडे ज्याच्या कानावर थोडी लयकारी पडली आहे त्याला हे टाळ्या देऊन लगेच मोजता येतं. जेवणाच्या टेबलावर करून बघा, एकानं तीन मोजायचे, एकानं चार. यात बॉनमनं तीनच्या मागे धावायचा मोह टाळला. गिटारला साथ द्यायच्या उत्साहात ड्रमरही तीनवर गेला असता तर ते गाणं नुसतं फिरत राहिलं असतं. तो चारवर अडून बसला म्हणून ते चालत जातंय असं वाटतं. साथीला न जाणं हीही साथ असते, हे तबलजींना माहीत असतं. रॉकमध्ये इतक्या उघडपणे ते फार कमी जणांनी केलं.

आपल्या मुंबईचा एक खराखुरा धागाही या बँडला आहे. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही दोन गाणी स्टुडिओत वाजवून घेतली. बॉनम त्यात नव्हता. गंमत अशी, की ‘फोर स्टिक्स’ हे नावच बॉनमवरून पडलेलं. त्या गाण्यात तो प्रत्येक हातात दोन-दोन काठ्या धरून वाजवतो, आणि गाणं पाच आणि सहाच्या घासांत चालतं. मुंबईच्या टेपवर ती जबाबदारी तबल्यावर आली. ते रेकॉर्डिंग चाळीसेक वर्षं पडून होतं, २०१५ मध्ये बँडच्या ‘कोडा’ अल्बमच्या वाढीव आवृत्तीत अधिकृतपणे बाहेर आलं. दोन्ही पाठोपाठ ऐका. मला मूळ जास्त आवडतं, तबल्याशी नातं असूनही. मुंबईची आवृत्ती गोड झाली आहे, आणि त्या गाण्याला गोडवा मानवत नाही.

आता वारशाचं. "मागे काय ठेवलं" याचं उत्तर याद्यांमध्ये नाही. ‘जगातले शंभर ड्रमर’ छापाच्या याद्यांवर तावातावानं भांडणं होतात, कीथ मून मोठा की नील पर्ट मोठा, आणि जिंजर बेकर तर हयातभर बॉनमबद्दल फारसं बरं बोललाच नाही. वाचायला मजा येते, वाजवायला उपयोग शून्य. मी वारसा मोजतो तो असा: ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्या कानांत तो शिरला आहे का?

शिरला आहे, आणि तुमच्याही शिरला आहे. १९९४ च्या आसपास एनिग्मा या जर्मन चमूचं ‘रिटर्न टू इनोसन्स’ आपल्याकडे केबलवर आणि कॅसेटच्या दुकानांत दिवसरात्र चालायचं. ज्यांनी झेपेलिनचं नावही ऐकलं नव्हतं अशा घरांत ते वाजलं. त्यातला ड्रम हा हेडली ग्रेंजच्या जिन्यातला, बॉनमचा, तिथून उचललेला. १९८६ मध्ये बीस्टी बॉइजनी आपल्या पहिल्या अल्बमचं पहिलंच गाणं त्याच ठेक्यावर उभं केलं. १९९५ मध्ये ब्यर्कच्या ‘आर्मी ऑफ मी’च्या तळाशी तोच आहे. हिप-हॉप, नृत्यसंगीत, आइसलंडची एक विलक्षण गायिका, सगळ्यांना तोच सात मिनिटांचा ठेका लागला, जो चिरंजीवांनी पहिल्या वर्षी वाजवला. कारण त्यात मोकळी जागा आहे. भरगच्च ठेक्यावर दुसऱ्याला बसायला जागा नसते.

दुसरी वाट वादकांच्या हातांतून जाते. १९७९ च्या ‘फूल इन द रेन’मध्ये बॉनम जो झुलता ठेका वाजवतो, त्याचं मूळ बर्नार्ड पर्डी या अमेरिकी वादकाकडे. पुढे जेफ पोर्कारोनं टोटो बँडच्या १९८२ च्या ‘रोझॅना’साठी पर्डी आणि बॉनम या दोघांकडून घेतलं आणि कुणाकडून काय घेतलं ते मोकळेपणानं सांगितलं. अशी कबुली ऐकली की मला बरं वाटतं. आपल्याकडे बंदिश कुणाची, ती कुणाकडून आली, हे कानाच्या पाळीला हात लावून सांगतात, तसंच ते.

आणि इथंच झेपेलिनचा हिशेब पूर्ण स्वच्छ नाही, हेही मुलाला सांगा. ‘लेव्ही’ हे गाणं मुळात त्यांचं नाही. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीला महापूर आला, बांध फुटले, लाखो माणसं उघड्यावर आली, त्यांत कृष्णवर्णीय कुळं आणि मजूर फार. १९२९ मध्ये कॅन्सस जो मकॉय आणि मेम्फिस मिनी या जोडप्यानं त्या पुरावर हे गाणं गायलं. झेपेलिननं मेम्फिस मिनीचं नाव श्रेयात दिलं. ‘होल लॉटा लव्ह’च्या वेळी मात्र ब्लूज गीतकार विली डिक्सनच्या ओळी घेतल्या आणि त्याचं नाव घातलं नाही. त्याला १९८५ मध्ये कोर्टात जावं लागलं, दोन वर्षांनी तडजोड झाली. एनिग्मालाही ‘रिटर्न टू इनोसन्स’मधल्या तैवानच्या आदिवासी गायकांच्या आवाजाबद्दल कोर्टाबाहेर मिटवावं लागलं. एकाच गाण्यात एका बाजूनं बॉनमचा ड्रम आणि दुसऱ्या बाजूनं त्या म्हाताऱ्या गायकांचा गळा, दोन्ही उचललेले. मला ते गाणं आता सरळ ऐकता येत नाही.

ड्रमरांच्या वाट्याला तर बहुतेक वेळा तेवढंही येत नाही. धून लिहिणाऱ्याला हक्क असतो, ठेक्याला कुणी रचना मानत नाही. विन्स्टन्स या बँडच्या १९६९ च्या एका गाण्यात ग्रेगरी कोलमन यानं सहा-सात सेकंदं एकट्यानं वाजवलं. तो तुकडा हजारो गाण्यांत वापरला गेला, जंगल आणि ड्रम-अँड-बेस हे नृत्यसंगीताचे प्रकार त्यावर उभे राहिले, आणि कोलमनला त्याचा मोबदला कधी मिळाला नाही. त्या मानानं बॉनम भाग्यवान. त्याच्या बँडनं ‘लेव्ही’सारख्या कितीतरी गाण्यांवर गीतकार-संगीतकारांच्या ओळीत त्याचं नाव घातलं. ऑर्केस्ट्रात आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला त्या एका ओळीचं मोल कळतं. कॅसेटच्या कव्हरवर आमची ओळख ‘रिदम आणि साथी’.

दारूबद्दल. २५ सप्टेंबर १९८० ला, अमेरिकेच्या दौऱ्याची तालीम सुरू असताना, तो पेजच्या विंडसरजवळच्या घरी मरण पावला. आदल्या दिवशी सकाळपासून चाळीसेक पेग व्होडका झाली होती. झोपेत उलटी श्वासनलिकेत गेली. यात कसलीही दंतकथा नाही. प्यायल्यावर तो हिंस्रही व्हायचा. १९७७ मध्ये ओकलंडला मैफलीच्या आयोजकांच्या माणसाला मारहाण केल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला होता. "प्यायचा म्हणून असं वाजवायचा" असं जे कोणी सांगतं त्यानं ड्रम्सवर कधी पिऊन बसून बघितलेलं नसतं. मी बसलोय, तरुणपणी, दोनदा. आपल्याला वाटतं आपण उडतोय, आणि टेपवर ऐकू येतं एक माणूस जिन्यावरून पडताना. माझ्या पिढीतले दोन चांगले हात याच वाटेनं गेले. त्यांच्या वाजवण्यात जे काही होतं, ते सकाळच्या रियाजातलं होतं.

४ डिसेंबर १९८० ला उरलेल्या तिघांनी एक छोटंसं निवेदन काढून बँड बंद केला. नवा ड्रमर बसवून दौरे करता आले असते, पैशाची खाण होती. कीथ मूनही बत्तिसाव्या वर्षीच गेला होता आणि त्याच्या ‘द हू’ बँडनं दुसरा माणूस घेऊन काम चालू ठेवलं. त्यातही गैर काही नाही, पोटं असतात. पण गाणारा आणि गिटारवाला जागेवर असताना, मागे बसलेला माणूस गेला म्हणून दुकानाचं शटर ओढलं जाणं, हे आम्हा मागे बसणाऱ्यांना विसरता येत नाही. पुढे १० डिसेंबर २००७ ला लंडनमध्ये ते एका रात्रीसाठी पूर्ण लांबीची मैफल करायला उभे राहिले, तेव्हा ड्रम्सवर बॉनमचा मुलगा जेसन होता. वडील गेले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. त्या मैफलीचं चित्रीकरण आहे. ‘कश्मीर’ बघा, आणि जेसन चार कसा सोडत नाही ते बघा.

तर चिरंजीवांना काय सांगायचं? बॉनम मोठा होता असं अजिबात सांगू नका. सतराव्या वर्षी बापाच्या देवाला नमस्कार करायचा नसतोच. मी माझ्या वडिलांच्या नाट्यसंगीताला केला नव्हता. त्याला फक्त म्हणा, पहिल्या वर्षी वाजवायचास ना, मग ऐकव. डबल पेडल काढून ठेवायचं, टॉम बाजूला, उरतील किक, स्नेअर आणि हाय-हॅट. किकमधली उशी काढायची. मेट्रोनोम ७२ वर, आणि तोही पहिल्या मिनिटानंतर बंद. सात मिनिटं, एकही फिल नाही. फोन खोलीत ठेवायचा नाही. दार उघडं ठेवून तो बाहेर जिन्यात, एक मजला वर, कठड्यावर ठेवायचा आणि रेकॉर्डिंग चालू करायचं. मग दोघांनी बसून ते पूर्ण ऐकायचं, मध्ये न बोलता. तिसऱ्या मिनिटाला तो तुमच्याकडे बघेल, तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघा.

खालच्या काकांना मात्र आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि शक्यतो त्यांच्या दुपारच्या झोपेच्या वेळी नको. तुमचं दार उघडं असणार आहे, आणि जिना त्यांच्याही दारासमोरून जातो.